राहीबाईंच्या फाइलीतला तिसरा कागद

१

मंगळवारी सकाळी राहीबाईंची फाइल उघडली तर तिच्यात दोनच आधार होते. सोमवारी तीन होते. मी स्वतःच्या हाताने लावले होते.

कागद हरवणं ही आमच्या कचेरीत साधी गोष्ट नव्हती. नगरला दिल्ली दरवाज्याच्या आत, एका छापखान्याच्या माडीवर, तीन खोल्यांत आमचा जिल्हा कोश तयार होत होता. गावं, नद्या, किल्ले, पिकं, माणसं, जे जे या जिल्ह्याचं म्हणून सांगता येईल ते सगळं अकारविल्हे. १९७२ चा जानेवारी होता आणि तिसरा खंड खाली छापायला लागला होता. आठ वर्षांत अकरा हजार चिठ्ठ्या मी लावल्या होत्या. या आठ वर्षांत चहाच्या बशा हरवल्या, एक छत्री हरवली, एक उपसंपादक लग्न करून सोलापूरला हरवला, पण चिठ्ठी एकही हरवली नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं; बाकीचं या चिठ्ठ्यांनीच शिकवलं. पण कोणी मोठा प्राध्यापक आला तरी मी म्हणायची, "विचारा कुठलीही, अर्ध्या मिनिटात काढून देते." आणि द्यायची.

राहीबाईंची नोंद लहानशी होती. जामखेड तालुक्यातल्या बोरखडीच्या शेतकरी बाई. १९३८ साली गुरांवर बुळकांडीची साथ आली आणि आजूबाजूच्या गावांतले गोठेच्या गोठे रिकामे झाले. बोरखडीत या बाईंनी गुरांचा आठवडे बाजार बंद पाडला, रस्ता अडवून धरला आणि गाव वाचवलं. बाई अजून हयात होत्या. शेतावर राबणाऱ्या, हयात असलेल्या बाईची कोशात स्वतंत्र नोंद ही पहिलीच. ती मी सुचवली होती, आणि दोन वर्षं नेटाने लावून धरली होती.

आमचे संपादक हेमचंद्रराव. त्यांच्या खुर्चीमागे त्यांनीच कुंचल्याने लिहिलेली पाटी होती: 'तीन स्वतंत्र आधार. नाहीतर नोंद नाही.' सरदारांच्या पणतूंना आणि आमदारांच्या मेव्हण्यांना त्यांनी या पाटीखालून चहा पाजून परत पाठवलं होतं.

"सर, राहीबाईंच्या फाइलीत दोनच आहेत," मी म्हटलं.

"मग नोंद नाही."

"तिसरा काल होता. साप्ताहिकाचं कात्रण, अडतीस सालचं."

त्यांनी चष्मा काढला. "इंदूताई, 'काल होता' हा आधार होत नाही. उद्या वाचकाने दाखवा म्हटलं तर काय दाखवाल, तुमची आठवण?" मग आवाज थोडा खाली आला. "र अक्षराचा सोळा पानी फर्मा शुक्रवारी संध्याकाळी बांधायचाय. तोवर आणा. नाही आणलंत तर राहीबाईंशिवाय बांधू."

शेजारच्या टेबलावरून आमचे उपसंपादक रविकांत बोलले. ते इतिहासाचे एम. ए. होते आणि हे आम्हांला विसरू देत नसत. "मी तेव्हाच म्हणालो होतो. गुरं हाकलणाऱ्या बाईला कोशात घेतलंत, आता गवळणी रांग लावतील."

"लावू देत की. तीन आधार घेऊन लावू देत," मी म्हटलं आणि फाइल उचलली.

आमच्या फाइलींना दोन नाड्या असतात, एक वर आणि एक खाली. सकाळी घाईत मी वरचीच सोडून हात घातला होता. खालची अजून तशीच बांधलेली होती. ती पाहिली आणि मी जागच्या जागी बसले.

ती गाठ आमच्या कचेरीतली नव्हती.

२

आठ वर्षं एका खोलीत काढली की माणसाची गाठसुद्धा ओळखीची होते. आमचा शिपाई छगन नाडीला निरगाठ मारतो, ती दातांनीच सुटते. लीना, आमची टंकलेखिका, रिबिनीसारखं फूल बांधते. रविकांत नाडी बांधतच नाहीत, ती कामं त्यांच्या पदवीत बसत नाहीत. हेमचंद्रराव दोन निरगाठी मारतात आणि वर तारीख घालतात.

ही गाठ वेगळी होती. नाडीचा एक फास, त्यात दुसरा अर्धा फास घातलेला. मी टोक धरून जरासं ओढलं आणि सगळी गाठ एका झटक्यात मोकळी झाली. दाव्याची सुरगाठ. गोठ्यात आग लागली, साप निघाला, तर एका हिसक्यात जनावर सुटावं म्हणून शेतकरी खुंट्याला मारतात ती. माझ्या मामांच्या घरी मी लहानपणी पाहिलेली.

मी छगनला बोलावलं. "काल माझ्यामागे कोण कोण आलं होतं?"

सोमवारी दुपारी मी वाचनालयात गेले होते, ती परत आलेच नव्हते.

"दोगंच," छगन म्हणाला. "एक ते गहिनीनाथराव, बोरखडीचे बागाईतदार. जीपमधनं आल्ते. सायबांसंगं आत बसले तासभर, दार लावून. आन दुसरी ती म्हातारी."

"कोण म्हातारी?"

"तुमचीच की. राहीबाई. तुमी पत्र धाडलं हुतं ना, जन्मसाल कळवा म्हनून? त्या सोता आल्त्या सांगाया. तुमची लई वाट बघितली. पिशवीभर शेंगा आनल्या हुत्या, समद्यांला वाटल्या आन गेल्या पाचच्या यष्टीनं."

माझ्या टेबलाखाली टरफलं होती खरी. रविकांतांच्या टेबलाखाली सगळ्यात जास्त.

"तू कागद बंबात तर नाही ना घातलास, छगन?"

तो दुखावला. "ताई, आठ वर्सांत म्या रद्दीबी इचारल्याबिगर जाळली न्हाई. तुमच्या डोळ्यांदेखत सांगतो, ही गाठ माझी न्हाई."

ते मला माहीत होतंच. लीनाला विचारलं तर ती यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "मी टाइप करत होते. मला काही माहीत नाही." लीना इतकं थोडकं कधी बोलत नाही. पण मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण माझ्या डोक्यात जीप फिरत होती.

कात्रण गेलं तर राहीबाईंची नोंद जाते. राहीबाई स्वतः ते कशाला नेतील? छगनच्या म्हणण्याप्रमाणे त्या तर उलट शेंगा देऊन गेल्या होत्या. उरले गहिनीनाथ. बोरखडीच्या गुरांच्या बाजाराचा ठेका अडतीस साली त्यांच्या आजोबांकडे होता, हे माझ्याच एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. जो बाजार राहीबाईंनी बंद पाडला, तोच.

मी पदर खोचला आणि माळीवाड्याकडे निघाले. छगनने सांगितलं होतं की गहिनीनाथराव तिथे मेव्हण्याकडे उतरलेत आणि शुक्रवारपर्यंत राहणार आहेत.

३

गहिनीनाथ पंचेचाळिशीचे, पांढरंशुभ्र धोतर, बोटात अंगठी. मी कोण ते सांगितल्यावर ते उठून उभे राहिले आणि मला खुर्ची दिली. चोराने इतकं अदबीने वागू नये, चौकशी करणाऱ्याची पंचाईत होते.

मी पिशवीतून नाडी काढली. "दादा, ही जरा बांधून दाखवता का? दावं बांधतात तशी."

"आता ह्ये काय, ताई?"

"दाखवा तर."

त्यांनी नाडी खुर्चीच्या पायाला गुंडाळली. एक वेढा घातला, दुसरा घातला, टोक कुठून काढायचं ते विसरले, पुन्हा सोडली. आतून चहा घेऊन आलेली त्यांची बहीण दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "दादाला काय येतंय? घरी चार गडी हायेत. यानं उभ्या जन्मात बैलाच्या शेपटाला हात लावला न्हाई."

"तू गप, भीमे," गहिनीनाथ म्हणाले, पण हसले. नाडी मला परत दिली. "न्हाई येत, ताई. शेत माझं हाय, गाठ गड्यांची हाय."

कान थोडे लाल झाले होते. ही लाज काही नाटकातली नव्हती. मी चहा घेतला आणि सरळच विचारलं, "मग सोमवारी आमच्याकडे कशाला आला होतात?"

त्यांनी बोटातली अंगठी फिरवली.

"इनंती कराया. त्या नोंदीत माझ्या आज्याचं नाव घालू नगा म्हनून. बाजार बंद पडला तवा आज्यानं लई वंगाळ केलं. मामलेदाराकडं अर्ज केला त्या दोघींवर. गावात अजून काडतात लोक. माझ्या पोरांच्या सोयरिकी व्हायच्यात, ताई. तुमचे सायेब म्हनले, नोंदीत तुमच्या आज्याचं नाव मुळात न्हाईच. मग आलो परत. बास, एवढंच."

मी बशी खाली ठेवली.

"दोघींवर?"

"व्हय. का?"

"आमच्या तिन्ही आधारांत एकाच बाईचं नाव आहे."

गहिनीनाथ एकदम उठले. मला पोचवायला ते जिन्यापर्यंत आले, पण दुसरी कोण, ते काही सांगेनात.

४

बुधवारी मी उरलेले दोन आधार टेबलावर पसरले. एक, पंचावन्न साली निघालेली बोरखडी शाळेची स्मरणिका. दुसरा, बासष्ट सालचं 'तालुक्याचे मानकरी' नावाचं पुस्तक. तिसरा, म्हणजे ते कात्रण, नव्हता, पण त्याचा सारांश माझ्या चिठ्ठीवर होता. मी मूळ शब्द अवतरणात घालून ठेवते. तिन्ही शेजारी ठेवून वाचले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले.

तिन्हींत बाजार चाळीस दिवस बंद. तिन्हींत गावची गुरं चारशे. तिन्हींत शेवटचं वाक्य असं, की बोरखडीत एकही जनावर दगावलं नाही.

वेगवेगळे वाचताना हे भक्कम वाटलं होतं. तिघंही तेच सांगतायत म्हणून मी खूश झाले होते.

"रविकांत, जरा इकडे या."

ते आले, उभ्याउभ्याच वाचू लागले, आणि मग खुर्ची ओढून बसले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच एम. ए. झालेल्या माणसासारखा दिसला.

"'रणरागिणीप्रमाणे', तीनही ठिकाणी," ते म्हणाले. "इंदूताई, हे तीन आधार नाहीत. साप्ताहिकाच्या बातमीदाराने लिहिलं, शाळेच्या गुरुजींनी त्यातून उतरवलं, पुस्तकवाल्याने गुरुजींकडून. आपल्याकडे एकच आधार आहे, तीनदा छापलेला." ते थांबले. "आणि मी ही फाइल तपासून सही केलीय. मी."

"मी लावलीय," मी म्हटलं.

अकरा हजार चिठ्ठ्यांचा माझा अभिमान त्या टेबलावर पडून होता. मी कागद मोजले होते. ते कुठून आले हे विचारलं नव्हतं.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की खोलीत फार शांतता आहे. लीनाचं यंत्र थांबलं होतं. ती रडत होती.

"ताई, मी वाचून दाखवलं," ती म्हणाली. "बाहेरच्या माणसाला फाइल दाखवायची नाही हे मला माहितीय. पण त्या आजी दोन तास बसल्या होत्या. म्हणाल्या, माझ्याबद्दल काय लिवलंय ते वाच की गं, मला अक्षर येत न्हाई. मी आधी ते जुनं पिवळं कात्रण वाचलं, मग बाकीची दोन. एकही जनावर दगावलं नाही, हे ऐकून त्या म्हणाल्या, हे खोटं हाय. मी हसले. म्हटलं, आजी, छापलंय ते खोटं कसं असेल? मग मला सरांनी आत बोलावलं. परत आले तर त्या फाइल बांधत होत्या. मला वाटलं, मदत करतायत."

मी रुमाल काढून लीनाला दिला.

जिच्या नावाची नोंद होणार होती, तिनेच ती मोडली होती.

५

गुरुवारी पहाटेच्या एस. टी. ने जामखेड, तिथून एका बैलगाडीतून बोरखडी. राहीबाई अंगणात शेळीला पाला घालत होत्या. पासष्टीच्या, काटक, नाकात मोठी नथ. मला बघून त्यांनी हात झटकले, आत गेल्या आणि न विचारता कात्रण घेऊन बाहेर आल्या. ते एका धुतलेल्या फडक्यात घडी न मोडता ठेवलेलं होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "चोरी केली म्या. फाडलं न्हाई. फाडावं वाटलं, पर तुमचं हाय."

"आजी, हे नाही तर तुमची नोंद होत नाही."

"ठावं हाय. म्हनूनच आनलं. मला वाटलं, कागूद न्हाई तर छापनार न्हाईत."

"पण का?"

त्या ओट्यावर बसल्या, मलाही हात धरून बसवलं.

"एकबी जनावर दगावलं न्हाई म्हनं. आन रंगूची सहा? ती काय जनावरं नव्हती?"

मग त्यांनी सांगितलं. रंगुबाई त्यांची शेजारीण, ऐन पंचविशीत विधवा झालेली, पदरात दोन वर्षांचा मुलगा, कारभारी. तिच्या गोठ्यात साथ पहिली आली, बाजारातून आणलेल्या बैलाबरोबर.

"म्या तिला म्हनले, रंगे, ही गावच्या पान्यावर गेली तर समदं गाव बसंल. ती काय बोलली न्हाई. सहाच्या सहा सोडली आन माळावर नेली. तिथंच ऱ्हायाला झाप घातली. गावात येनं बंद, पान्यावर येनं बंद. पायाला लागून रोग गावात नगं याया म्हनून. पोरगं माझ्याकडं. म्या दगडावर भाकरी ठिवून मागं सरकायची, मग ती घ्यायची. एकवीस दिस. समदी मेली. तिनं सोता खड्डं खांदलं. मग आमी दोगी काठ्या घिऊन बाजाराच्या वाटंवर हुब्या ऱ्हायलो."

"मग बातमीत तिचं नाव का नाही?"

"पेपरवाला आला तवा ती हुती कुठं? बैल न्हाईत, शेत कसनार कशावर? पोरगं काखंला मारून गेली श्रीगोंद्याकडं उसात. गावानं म्हनून टाकलं, रंगूनंच रोग आनला. पेपरवाला पाटलाच्या वाड्यावर जेवला, माझं नाव लिवलं आन गेला." त्या शेळीकडे बघत होत्या. "म्या सांगत हुते. पर मला अक्षर येत न्हाई आन त्याला ऐकू येत नव्हतं. मेली ती पाच वर्सांमागं. कारभारी तिकडंच हाय, साखर कारखान्यात. गावात पाऊल टाकत न्हाई. त्याला लोक म्हनतात, रोग आननारीचं पोर. सांगा, माझं एकटीचं नाव बुकात आलं तर म्या त्याला तोंड कसं दावू?"

जन्मभर माणसं आपलं नाव कुठेतरी छापून यावं म्हणून धडपडताना मी पाहिली होती. चुलत्यांची, सासऱ्यांची पत्रं आणून टाकणारी, फोटो मोठा करून आणणारी. आणि ही बाई पासष्टाव्या वर्षी जामखेडहून एस. टी. ने नगरला येऊन आपलं नाव कोशातून चोरून घेऊन गेली होती.

"आजी, तुमचं एकटीचं नाही यायचं," मी म्हटलं. "पण दोघींचं यायला आधार लागेल. तुमच्या शब्दाशिवायचा."

"मंग काय उपेग?" राहीबाई म्हणाल्या. "बगनारी आमी दोगीच हुतो."

परतीच्या गाडीत जामखेड मागे पडलं तेव्हा मला आठवलं की बघणारा तिसराही एक होता. तो काठ्यांच्या पलीकडे उभा होता.

६

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा माळीवाड्यात. गहिनीनाथ जीपमध्ये सामान ठेवत होते.

"दादा, तुमच्या आजोबांचा तो अर्ज कुठे असेल?"

"कशापायी?"

मी त्यांना राहीबाईंनी केलेलं सगळं सांगितलं. कात्रण का नेलं, कसं जपून परत दिलं, तेही. मग म्हटलं, "त्या बाईने स्वतःची स्तुती खोटी आहे म्हणून काढून घेतली. तुम्ही ठरवा तुम्हाला काय जमतं ते. मी जबरदस्ती करायला आलेली नाही."

जीपचं दार उघडं ठेवून ते घरात गेले. भीमाबाई दारात उभी होती. पाच मिनिटांनी ते एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले.

"संगंच आनला हुता. सायबांकडं ह्याची नक्कल हाय का ते बघायचं हुतं, मग जाळनार हुतो." त्यांनी कागद काढला. पोच मिळाल्याचा मामलेदार कचेरीचा शिक्का, तारीख, खाली मोठी वळणदार सही. "वाचून बगा. आज्यानं जे केलं ते केलं. सही तर खरी हाय ना? नाव घाला त्याचं, नगं घाला, तुमच्या सायबांला ठरवू द्या. म्या परत न्यायला येनार न्हाई."

त्या क्षणी त्यांना गाठ येत नसल्याचं मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

दुपारी हेमचंद्ररावांच्या टेबलाभोवती आम्ही सगळे उभे होतो. रविकांतांनी अर्ज मोठ्याने वाचला:

"'...मौजे बोरखडी येथील रंगू व राही नामे दोन बाया बाजाराच्या वाटेवर काठ्या घेऊन उभ्या राहतात व व्यापाऱ्यांची जनावरे परत लावतात. पैकी रंगू ही आपली सहा मेलेली जनावरे माळावर पुरून तेथेच झाप घालून बसली असून गावात येण्यास नकार देते, त्यामुळे लोकांत विनाकारण साथीची भीती पसरली आहे. सबब दोघींस वाटेवरून हुसकावून बाजार पूर्ववत सुरू करण्याचा हुकूम व्हावा...'"

वाचून झाल्यावर त्यांनी अर्ज कात्रणाशेजारी ठेवला.

"आता मोजा," हेमचंद्रराव म्हणाले.

"कात्रण, स्मरणिका, पुस्तक मिळून एक," मी म्हटलं. "अर्ज दुसरा."

"म्हणजे दोन."

"दोन."

ते मागे वळून पाटीकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. खालून खिळे जुळवणारा जुळारी ओरडत होता, फर्मा कधी द्यायचा म्हणून.

"सर, एक बोलू?" हे रविकांत होते. "स्तुती करणाऱ्याने लिहिलेलं मी दहादा तपासेन. पण हा माणूस त्यांना हाकलायला निघाला होता. त्यांची थोरवी वाढवण्यात त्याला काडीचा फायदा नव्हता, तरी दोघी वाटेवर उभ्या होत्या असं त्याने लिहिलंय. सहा जनावरं मेली हेही त्यानेच लिहिलंय, आणि सरकारी शिक्क्याखाली. बातमीदाराने वाड्यावर जेवून लिहिलेल्या तीन छापील पानांपेक्षा माझ्या लेखी हा एक कागद जड आहे. यावर मी सही करतो."

"आणि राहीबाईंचा शब्द?" हेमचंद्ररावांनी मला विचारलं. "तो तिसरा धरायचा?"

आठ वर्षांत त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं.

"नाही," मी म्हटलं. "त्या स्वतःविषयी सांगतायत. एकवीस दिवसांचं फक्त त्यांनीच सांगितलंय, ते घ्यायचं नाही. पण कात्रणातलं कुठलं वाक्य खोटं ते त्यांच्यामुळे कळलं. तो आधार नाही. मात्र आधार कसा वाचायचा ते त्यांनी दाखवलं."

हेमचंद्रराव उठले. कपाटातून शाईची दौत आणि कुंचला काढला, स्टुलावर चढले, आणि पाटीवरच्या 'तीन' या शब्दावर एक जाड, सरळ रेघ ओढली. नवीन आकडा लिहिला नाही. खाली उतरून हात पुसत म्हणाले, "मथळ्यात दोन्ही नावं. आधी रंगुबाई, अकारविल्ह्यानेही तीच आधी येते. ठेकेदार एवढंच लिहा, नाव नको; नोंद बायांची आहे, त्याची नाही."

"सर, मग सोळा पानं सरकतील," रविकांत म्हणाले. "जुळारी जीव देईल."

"मग जा आणि त्याच्याबरोबर उभे राहा."

आणि आमचे एम. ए. झालेले रविकांत बाह्या दुमडून जिना उतरले. संध्याकाळी वर आले तेव्हा कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि ते त्यांनी आठवडाभर सगळ्यांना दाखवलं.

७

पंधरा दिवसांनी छापलेला फर्मा घेऊन मी बोरखडीला गेले. लीनाही बरोबर आली. राहीबाईंच्या ओट्यावर एक माणूस बसला होता, छत्तिशीचा, कारखान्याचा खाकी सदरा, पायात चपला तशाच, कुठल्याही क्षणी उठून जाईल असा.

"हा कारभारी," राहीबाई म्हणाल्या. "चार निरोप धाडले तवा आलाय. शिकलेला हाय, त्याला द्या. त्यो वाचंल."

कारभारीने कागद घेतला, दूर धरला, आणि वाचू लागला. कारखान्यातल्या पाट्या वाचतात तसा, कोरडा, खणखणीत.

"'रंगुबाई व राहीबाई. बोरखडी, तालुका जामखेड. १९३८ च्या बुळकांडीच्या साथीत या दोन शेतकरी स्त्रियांनी गुरांच्या बाजाराची वाट अडवून रोगाचा फैलाव रोखला. साथीत रंगुबाईंची सहा जनावरे मरण पावली. ती गावाबाहेर माळावर पुरून त्या गावात येण्याचे टाळून तेथेच राहिल्या. बाजाराच्या ठेकेदाराने दोघींविरुद्ध केलेल्या अर्जात याचा उल्लेख...'"

इथे तो थांबला. शेजारच्या ओट्यावरच्या दोन बाया काम सोडून ऐकत होत्या. त्याने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी सावकाश.

"आई कधी बोलली न्हाई," तो म्हणाला. "मला वाटायचं, लोक म्हनतात ते खरंच असंल."

राहीबाईंनी त्याच्या हातातून कागद घेतला. अक्षर येत नसलं तरी तो सुलटा धरला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हितं रंगू?"

"तिथेच."

त्या शेजारच्या ओट्याकडे वळल्या. "ऐकलं का गं? पुन्यांदा वाचाया लावू का?"

त्यातली एक बाई उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या भरून आणून कारभारीसमोर ठेवला. त्याने तो उचलला, आणि प्यायच्या आधी ओट्याखाली चपला काढून ठेवल्या.